लू नसलेला मुलूख

गाव सोडलं त्या दिवशी मायनं सकाळीच तीन कांदे काढून ठेवले होते. एक भाऊच्या सदऱ्याच्या खिशात, एक स्वतःच्या कमरेच्या पिशवीत, आणि मला खिसा नव्हता म्हणून माझा ओढणीच्या टोकाला गाठ मारून. बिलोलीच्या स्टँडवर एसटी उभी होती. माझा थोरला भाऊ उत्तम टपावर चढून आमची गाठोडी, पत्र्याची पेटी आणि रिकामा रांजण दोरीनं आवळत होता. खालून माय ओरडत होती, "आरं उतर की खाली, डोस्कं तापंल! कांदा हाय का खिशात?" भाऊ वरून म्हणाला, "हाय गं माय, हाय. म्या न्हाई ऱ्हायलो तर कांदा तरी ऱ्हाईल." सगळा स्टँड हसला. माय तेवढी हसली नाही.

तुमच्यापैकी जे तिकडंच राहिले त्यांना कांद्याचं कौतुक सांगायला नको. जे माझ्यासारखे बाहेर पडले ते विसरले असतील, म्हणून सांगते. आमच्याकडं उन्हाळ्यात घराबाहेर पडताना खिशात कांदा ठेवायचा, म्हणजे लू लागत नाही. लू म्हणजे उन्हाचा तडाखा. ती लागली की माणूस घामेजतो, गळून जातो, ओकतो आणि कधी कधी मरतो. आमच्या घरात या एका शब्दाला देवाधर्मापेक्षा जास्त भ्यायचे, आणि आम्ही गाव सोडलं ते या एका शब्दापायी.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. नवा जिल्हा म्हणजे नवी कचेरी, नवी कचेरी म्हणजे नवे शिपाई, आणि त्यांच्यात आमचा भाऊ. आमच्या बौद्धवाड्यातला पहिला सरकारी नोकर. हुकूम हातात पडला तेव्हा त्यानं पगार विचारला नाही, राहायची सोय विचारली नाही. तहसिलीतल्या एका कारकुनाला विचारलं, तिथं बसायला कुठं असतंय? कारकून म्हणाला, साहेबाच्या दाराशी, स्टुलावर, वर पंखा असतोय. भाऊ धावत घरी आला. "माय, सावलीतली नोकरी हाय! डोस्क्यावर पंखा हाय!" माय चुलीपुढं बसली होती, ती तिथंच पदर तोंडाला लावून रडायला लागली. पंख्यासाठी कोण रडतं, असं वाटेल तुम्हाला. आमचा बा कसा गेला ते कळलं की वाटणार नाही.

मोठ्या दुष्काळाचं साल होतं. विहिरींचे तळ दिसत होते आणि अख्खा वाडा सरकारी दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होता. मी सहा वर्षांची असेन, भाऊ दहाचा. कामावर लेकरांना सुकडी वाटायचे, ती आम्ही मुठीनं खायचो. घरात मिलो, ती परदेशातून आलेली तांबडी ज्वारी. तिची भाकर थापताना मायच्या हातात तुकडे व्हायचे, आणि माय त्या न पाहिलेल्या देशाला शिव्या घालायची. बा बारीक होता, पण काटक. काटक हा आमच्या घराण्यातला मिरवायचा शब्द. आमच्यात कुणी जाड नव्हतं, आणि जाड नाही म्हणजे रोग नाही, असा सगळ्यांचा पक्का हिशेब होता.

त्या सकाळी बानं भाकर खाल्ली, हातोडा घेतला, थोडे दगड फोडले आणि मटकन खाली बसला. छातीवर मूठ दाबून धरलेली. मी जवळच होते. घाम असा निथळत होता की मला वाटलं कुणी त्याच्यावर पाणीच ओतलं. जबडा दुखून राहिला म्हणाला, डावा हात झटकत राहिला, मग ओकला. बाया धावल्या. "लू लागली, लू लागली!" शेजारच्या टोळीतल्या तेलुगू बाया "अय्यो, नीळ्ळू, नीळ्ळू" करत पाण्याची घागर घेऊन आल्या. बाला ओढत बाभळीखाली नेलं, कांदा ठेचून नाकाशी धरला, तळपायाला चोळला. बैलगाडी जुंपेपर्यंत सगळं संपलं होतं.

ऊन अजून चढलं नव्हतं. मला हे नक्की आठवतं, कारण मी ज्या खडीवर बसले होते ती गार होती. पण सहा वर्षांच्या पोरीला कोण विचारतं? दुष्काळात माणूस उघड्या माळावर मेला म्हणजे उन्हानंच मेला. वाड्यातल्या एका म्हातारीनं वर खुलासाही केला. ऊन आदल्या दिवसाचं असतंय, ते अंगात मुरतं आणि दुसऱ्या दिवशी बाहेर पडतं. सगळ्यांना पटलं. मलाही पटलं.

तेव्हापासून मायचं आणि उन्हाचं वैर. बाकीच्यांच्या आया लेकरांना म्हणायच्या, शिका, मोठे व्हा. आमची माय म्हणायची, "शिका आन् सावलीत बसा." रोजगाराला ती स्वतः उन्हात मरमर मरायची, पण आम्हाला शेतात पाऊल टाकू द्यायची नाही. भाऊ शाळेतून येताना झाडाखालून आला की नाही, याची चौकशी व्हायची. दुसऱ्यांच्या रानात राबायला गेला असता तर दोन घास जास्त मिळाले असते, पण मायनं त्याला रॉकेलच्या चिमणीसमोर बसवून बारावी करवली. सगळं कशासाठी, तर डोक्यावर छप्पर असलेल्या कामासाठी. मग नवा जिल्हा झाला आणि ते काम मिळालं. सांगा, का नाही रडायचं तिनं?

लातुरात आम्हाला खोली मिळाली ती गावाबाहेर, पत्र्याची. दुपारी तो पत्रा असा तापायचा की आत भाकर भाजावी. मी मायला चिडवायची, "ही घे तुझी सावली." माय म्हणायची, "गप गं. उत्तम तर पंख्याखाली हाय ना." आणि होताच तो. उस्मानाबादेहून जुनी दफ्तरं बारदानात बांधून यायची, ती सोडायची, कपाटात लावायची, साहेबाला पाणी द्यायचं आणि उरलेल्या वेळात चहा. नव्या जिल्ह्यात कागद कमी आणि चहा फार. पहिल्या दिवाळीला तो गावाकडं गेला तेव्हा लोकांना आपला तळहात दाखवत फिरत होता, "बघा, घट्टे गेले!"

पुढं तो परीक्षा देऊन कारकून झाला, मग अवल कारकून. लोक उत्तमराव म्हणायला लागले. लग्न झालं, वैनी आली, पत्रा जाऊन स्लॅब आला. सायकल गेली आणि मोटारसायकल आली, त्यामुळं पायी चालणं कोपऱ्यावरच्या पानाच्या टपरीपर्यंतच उरलं. तंबाखू होतीच. हात-पाय तसेच काडीसारखे, पण मधे पोट आलं, काडीला लाडू खोचावा तसं. मी म्हणाले, "भाऊ, पोटाकडं बघ जरा." तो पोटावर हात फिरवत म्हणाला, "हे सरकारी हाय." आणि मायला त्या पोटाचा काय अभिमान! दुष्काळातून आलेल्या बाईला लेकराचं पोट दिसलं की तिला वाटणार, आपण जिंकलो.

मी लातुरातच बी.ए. झाले. लग्नानंतर काही वर्षांनी नवऱ्याला कंप्युटरच्या कामासाठी इंग्लंडला बोलावणं आलं. ब्रॅडफर्ड नावाचं शहर. वैनी हमसून रडली, भाऊनं उगाच दोन-तीनदा सूटकेसचं कुलूप तपासलं, माय मात्र शांत होती. तिनं शेजारणींकडून माहिती काढली होती. "लई थंड मुलूख हाय म्हनं. जा बाई. तिथं लू न्हाई." मी कांदा मागितला, थट्टेनं. "काय करायचा तिथं कांदा?" ती म्हणाली, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला रिकाम्या हातानं पाठवलं. तिच्या लेखी मी सुटले होते.

ब्रॅडफर्डची थंडी मी तुम्हाला सांगत बसणार नाही, जे तिथं आहेत त्यांच्या हाडांना माहीत आहे. काम सांगते. एका दवाखान्यात आशियाई लोकांना बोलतं करणारी बाई पाहिजे होती. इंग्रजी माझं बेताचं, पण बिलोलीची उर्दू कामाला आली. निजामाचं राज्य जाऊन जमाना झाला, पण आमच्या तोंडातून ते गेलं नाही. पाकिस्तानातल्या मीरपूरकडच्या म्हाताऱ्यांना माझी दखनी ऐकून हसू यायचं, बायका बाजी, म्हणजे ताई, म्हणायच्या. काम असं, की चाळिशी उलटलेल्या माणसाला समोर बसवायचं, कंबर मोजायची, बीपी घ्यायचं, बोटातून रक्त घ्यायचं आणि प्रश्न विचारायचे. मग ते सगळं कंप्युटरच्या एका गणितात भरलं की येत्या दहा वर्षांत याच्या हृदयाला किती धोका आहे ते पडद्यावर यायचं. थोडा असेल तर हिरवं, जास्त असेल तर लाल.

मला शिकवणारी नर्स मार्गारेट, निवृत्तीला आलेली, फटकळ बाई. आमचं जमलं. ती सांगायची, पूर्वी हे गणित गोऱ्या माणसांवरून बसवलेलं होतं. ते आपल्या लोकांना लावलं की हिरवं यायचं, आणि माणूस हिरवा असताना मरायचा. आपल्या लोकांना हा रोग लवकर गाठतो. अंगानं बारीक दिसणाऱ्याला गाठतो, कारण चरबी पोटात दडून बसलेली असते. म्हणून गोऱ्याला जी कंबर चालते ती आपल्याला चालत नाही, आणि गणितात आता विचारावंच लागतं, तू भारतीय, पाकिस्तानी, बांगलादेशी की आणखी कोण. लहानपणी भूक काढलेली असेल तर तेही नंतर काळजाला भोवतं म्हणे. मी विचारलं, त्याचा रकाना कुठाय? मार्गारेट म्हणाली, त्याचा रकाना नाही.

शिकताना आम्ही एकमेकींनाच प्रश्न विचारायचो. माझी पाळी आली. वडील, भाऊ, कुणी साठीच्या आत हृदयविकारानं गेलं आहे का? मी म्हटलं, नाही, माझे वडील तरुणपणी गेले, पण लू लागून. वर्गात एकच हशा. इंग्लंडात लू म्हणजे संडास, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मार्गारेटच्या डोळ्यांतून पाणी आलं हसून हसून. मीही हसले, काय करणार! मग तिनं समजून घेतलं, सॉरी म्हणाली, आणि त्या प्रश्नापुढं 'नाही' भरलं. माझा रंग हिरवा आला.

अशी कितीतरी वर्षं गेली. दर रविवारी लातूरला फोन. भाऊ फोन उचलून "जयभीम, बोल कमळाबाई" म्हणायचा, आणि मग पाणी किती दिवसांनी आलं इथपासून सुरुवात. एका जानेवारीत, संक्रांत नुकती झाली होती, तो बोलता बोलता म्हणाला, "काल जरा लू लागल्यावानी झालं बघ."

मी म्हटलं, "काय झालं?"

"आगं, जिना चढून राहिलो व्हतो. दरदरून घाम आला. डावा हात बधिर. हितं छातीवर कुणी बसल्यावानी. तुझ्या वैनीनं कांदा फोडून दिला हुंगायला, मंग बरं वाटलं."

"भाऊ, संक्रांतीला लू?"

"आता मोसमाचं काय खरं हाय का बाई? लातुरात बारा म्हैने उन्हाळाच हाय."

तो पुढं टँकरबद्दल बोलत राहिला. मी फोन धरून उभी, आणि माझ्या बुडाखाली ती खडी, गार. सकाळची गार खडी. बाच्या छातीवरची मूठ, झटकलेला डावा हात, जबडा. रोज मी लोकांना हेच तर विचारत होते, तुमच्या छातीत दाब येतो का, हातात कळ जाते का, जबड्यात जाते का. परक्यांच्या बापांची चौकशी करून पोट भरत होते, आणि माझा बाप 'नाही'च्या रकान्यात पडला होता.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात मी भाऊला त्या गणितात भरायला बसले. वय? आमच्या गावातली सगळी पोरं शाळेच्या मास्तरांनी एक जूनला जन्माला घातलेली, सालही मास्तरांच्या मर्जीचं. बाचं वय विचारायला मायला फोन केला. ती म्हणाली, पोलीस ॲक्शनच्या टायमाला तो बकऱ्या राखीत व्हता. म्हणजे दुष्काळात फार तर पस्तिशीचा. कंबर वैनीनं परकराच्या नाडीनं मोजली आणि नाडी शेजारच्या टेलरकडं नेऊन आकडा सांगितला. भाऊ मागून ओरडत होता, "सदरा शिवून राहिली का मला?" मग गणितानं पोस्टकोड मागितला, गरीब वस्ती की श्रीमंत ते बघायला. लातूरचा पोस्टकोड त्याच्यात कुठला! मी आमच्या ब्रॅडफर्डच्या घराचा टाकला. गोरा म्हणून भरला तर भाऊ हिरवा. भारतीय म्हणून भरला तर मधला, पिवळा. वडील तरुणपणी हृदयविकारानं गेले, 'हो' केलं, आणि पडदा लाल झाला. मार्गारेट मागं उभी होती. तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

मग सुरू झाली माझी फोनाफोनी. रविवारचा फोन रोजचा झाला. "भाऊ, मोठ्या डॉक्टरकडं जा. अँजिओग्राफी म्हणून असते, ती करायला सांग." भाऊ एका डॉक्टरकडं गेला. तिथं छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली. पट्टी चांगली आली. डॉक्टर म्हणाले, "गॅसेस आहेत. तुम्हाला कसला हार्टचा त्रास होतोय, तुम्ही तर काटक आहात." भाऊनं मला ते वाक्य असं ऐकवलं जसं काही मेडल मिळालं. मी ओरडले, "अरे, शांत बसलेल्या माणसाची पट्टी चांगलीच येते कधी कधी! त्यानं काही होत नाही सिद्ध!" तो म्हणाला, "तू डाक्टर हायस का? कंबर मोजायचं काम तुझं." लागलं मला. त्यालाही लागलं असणार, कारण लगेच म्हणाला, "बरं बाई, करतो. मार्चएंड होऊ दे. फायलींचा ढीग पडला हाय."

बा पण लू लागून गेला नाही, हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "मायला सांगू नको."

मार्चएंड. ज्यांनी सरकारी कचेरी पाहिली त्यांना हा शब्द कळेल. भाऊ टेबलावर होता, फायलीवर सही करत होता. वर पंखा चालू होता. त्यानं मूठ छातीवर दाबली आणि डोकं टेबलावर टेकवलं. शिपायाला वाटलं साहेब दमले. मग कुणीतरी शर्टाची बटणं काढली, आणि खिशात कांदा सापडला. मार्च म्हणजे आमच्याकडं उन्हाळा लागलेला असतो, वैनीनं घालून दिला असणार. तो त्यांनी टेबलावर फोडून त्याच्या नाकाशी धरला. त्याच्या कचेरीतल्या एकानंच मला हे नंतर सांगितलं, आणि सांगताना बिचाऱ्याला वाटत होतं की आपण सगळे प्रयत्न केले, हे मला कळावं.

मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. आमच्याकडं माणसाला उन्हाळ्यात फार वेळ ठेवत नाहीत. पुण्यानुमोदनाच्या दिवशी वैनीच्या माहेरची, गावाकडची, कचेरीची माणसं आली, पंचशील झालं, टँकरच्या पाण्यात सगळ्यांचं जेवण झालं. माय कोपऱ्यात बसून येईल त्याला एकच विचारत होती, "सावलीत बसल्याला कशी ओ लू लागली? पंख्याखाली बसल्याला?" माणसं खाली बघायची. कुणी म्हणायचं, हवा बदललीय आजी. कुणी म्हणायचं, पत्रा तापतो कचेरीचा. कचेरीला पत्रा नव्हता.

मी ऐकत होते. भाऊनं सांगू नको म्हटलं होतं. पण तो गेला होता, आणि मला ते सहन होईना. पाहुणे गेल्यावर मी मायजवळ बसले आणि सांगितलं. लू नव्हती. भाऊला नव्हती आणि बालाही नव्हती. काळजाचा रोग आहे, घराण्यातच आहे, उन्हाशी त्याचा संबंध नाही. आपण बारीक, काटक, म्हणून कळत नाही. बसून खाल्लं, चाललं नाही, तंबाखू खाल्ली, की तो लवकर येतो.

मला वाटलं होतं तिला जरा बरं वाटेल. इतकी वर्षं ती स्वतःलाच बोल लावत होती, की त्या सकाळी बाच्या डोक्याला ओलं फडकं बांधलं असतं तर तो वाचला असता. माय माझ्याकडं वळली.

"ऊन नव्हतं?"

"न्हाई माय."

"बसून खाल्ल्यानं येतोय म्हनतीस?"

"बसल्यानं बी येतोय."

तिचे ओठ हलत होते, काहीतरी जुळवून बघावं तसे. मग म्हणाली, "मंग आपुन गाव कशापायी सोडलं गं?"

याचं उत्तर तुमच्यापैकी कुणाकडं असेल तर सांगा. आणि शिक्षण, इज्जत, पक्कं घर असं काही सांगू नका, ते मला माहीत आहे आणि ते सगळं खरं आहे. तिनं ते विचारलं नव्हतं. तिनं एका माणसाला उन्हापासून लांब नेलं होतं, हाताला धरून, आयुष्य घालून, आणि तो सावलीतच मेला. दुसरीला थंड मुलखात पाठवलं होतं, आणि तिच्याही छातीत तेच आहे. मी तिचं सांत्वन करायला गेले आणि तिच्याकडं जे एक समाधान होतं तेही काढून घेतलं.

निघताना तिनं माझ्या हातात कांदा दिला. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "ठाव हाय मला, न्हाई उपेग. असू दे." मँचेस्टरच्या विमानतळावर तो कस्टमवाल्यांनी पिशवीतून काढून घेतला आणि डब्यात टाकला. मी भांडले नाही. दवाखान्यात परत गेले तेव्हा मार्गारेटनं माझं गणित पुन्हा केलं. वडील, हो. भाऊ, हो. आता मी रोज सकाळी गोळ्या घेते. मायला फोन करते तेव्हा ती माझी खुशाली विचारते, उन्हाचं काही विचारत नाही. लातूर, बिलोली, तो वाडा, ती बाभळ, सगळं तिथंच आहे, पण माझं म्हणावं असं तिथलं जे काही आहे ते मी छातीत घेऊन फिरते, आणि ते काही चांगलं नाही. घर म्हणजे आता मला एवढंच कळतं.

परवा एक म्हातारा आला होता, मीरपूरकडचा. बारीक, काटक, हसरा. कंबर मोजली, बीपी घेतलं. मग विचारलं, "आप के वालिद साहब?"

"जवानी में गए, बेटी. खेत में लू लग गई थी."

मी विचारलं, "किस वक़्त?"

"फज्र के बाद. सूरज बस निकला ही था."

मी 'हो' वर खूण केली. पडदा लाल झाला. डॉक्टरांची चिठ्ठी त्याच्या हातात दिली, गोळ्या चुकवू नका म्हणून सांगितलं. वडिलांबद्दल काही बोलले नाही. त्यानं चिठ्ठीची घडी घालून कोटाच्या आतल्या खिशात ठेवली, खिडकीबाहेरच्या बर्फाकडं पाहिलं आणि म्हणाला, "शुक्र है बेटी, हम लोग ठंडे मुल्क में आ गए."

"हाव चाचा," मी म्हणाले.